परतीचा प्रवास : बाइटकोडमधून सोर्सकोड परत मिळवण्याची गोष्ट

आज इथे संगणक क्षेत्रातली मंडळी आहेत, तशीच त्या क्षेत्राशी काही संबंध नसलेलीही बरीच दिसताहेत. म्हणून सुरुवात व्याख्येने न करता एका पगारपत्रकाने करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका कारखान्याने मला बोलावलं होतं. त्यांचा पगाराचा प्रोग्रॅम जावा भाषेत लिहिलेला होता. ज्या छोट्या कंपनीने तो करून दिला, ती कधीच बंद पडली होती. सोर्सकोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, ज्या संगणकावर होता तो भंगारात गेलेला. हातात उरली होती फक्त चालणारी फाइल. पगाराचे नियम बदलले होते आणि प्रोग्रॅम मात्र बदलता येत नव्हता.

कारखान्याच्या वकिलांनी करार पाहून हरकत नाही म्हटल्यावर आम्ही ती फाइल डीकम्पायलरमधून काढली. तासाभरात पडद्यावर वाचता येईल असा जावाचा मजकूर आला. सगळे खूश. पण मधेच एक ओळ होती : विभाग क्रमांक ७ असेल, तर रात्रपाळीच्या भत्त्यात अर्धा दिवस जास्त धरायचा. का, ते कुठेच नव्हतं. नव्या टीमचं म्हणणं पडलं की ही चूक असणार, काढून टाकू. त्या सातच्या आकड्याकडे आपण शेवटी परत येऊ. त्यासाठी आधी थोडा इतिहास बघावा लागेल.

माणूस प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत. त्यात चलांना नावं असतात, शेजारी टिपा असतात. कम्पायलर त्या मजकुराचं यंत्राला समजेल अशा आज्ञांमध्ये रूपांतर करतो. टिपा तो पहिल्याच पायरीवर टाकून देतो, कारण यंत्राला त्यांचा उपयोग नसतो. हे रूपांतर उलट्या दिशेने करणं, म्हणजे डीकम्पाइल करणं.

इतिहासाच्या अभ्यासकांना हे काम ओळखीचं वाटेल. मोडी कागद देवनागरीत उतरवणाऱ्याला विचारा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दांमध्ये बहुधा जागा सोडलेली नसते. वाचणारा संदर्भावरून, सवयीवरून शब्द तोडतो आणि वेलांट्या ठरवतो. लिहिताना जे कागदावर उतरलंच नाही, ते वाचताना भरून काढावं लागतं. काही जागी ते खात्रीने करता येतं, काही जागी तो अंदाज असतो. डीकम्पायलरचं सगळं काम याच दोन जागांमधलं आहे.

आता १९६० साली जाऊ. अमेरिकेत सॅन डिएगोला नौदलाची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा होती. तिथे मॉरिस हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी नेलिअ‍ॅक नावाच्या भाषेवर काम करत होते. त्यांच्याकडे डी-नेलिअ‍ॅक नावाचा एक प्रोग्रॅम तयार झाला. तो यंत्राच्या आज्ञा घ्यायचा आणि त्यातून नेलिअ‍ॅक भाषेतला मजकूर बाहेर काढायचा. डीकम्पायलरचा हा आपल्याला माहीत असलेला अगदी सुरुवातीचा नमुना.

तो का केला, हे लक्षात घ्या. कुणाची गुपितं फोडायची नव्हती. त्या काळी संगणक बदलला की त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम निकामी व्हायचा, कारण प्रत्येक यंत्राची आज्ञावली वेगळी. जुन्या यंत्रावरचं काम नव्या यंत्रावर न्यायचं, तर ते आधी वरच्या पातळीच्या भाषेत आणायला हवं होतं. म्हणजे माझ्या कारखान्याची आणि या नौदलाची अडचण एकाच जातीची. केलेलं काम अडकून पडलंय, ते सोडवायचंय.

पण यंत्राच्या आज्ञा उलटवणं फार अवघड. पहिलं कारण असं की तिथे आज्ञा आणि माहिती एकाच स्मृतीत, सारख्याच आकड्यांच्या रूपात पडलेल्या असतात. हा आकडा आज्ञा आहे की कुणाचा पगार, हे नुसतं बघून सांगता येत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या बाबतीत हा फरक अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. ट्युरिंगने १९३६ साली ज्या प्रकारची मर्यादा सिद्ध केली, तिचाच हा नातेवाईक. दुसरं कारण, आपण लिहिताना 'जोपर्यंत अमुक, तोपर्यंत तमुक कर' असं लिहितो. यंत्राकडे मात्र फक्त उड्या असतात. अमक्या जागी जा, अट खरी असेल तर तमक्या जागी जा. त्या उड्यांच्या गुंत्यातून मूळ वळणं शोधायची.

इथे मदतीला आलं ते कम्पायलरवाल्यांचंच काम. आयबीएममध्ये फ्रान्सेस अ‍ॅलन यांनी १९७० साली नियंत्रणप्रवाहाच्या विश्लेषणावर निबंध लिहिला. प्रोग्रॅमचे तुकडे म्हणजे बिंदू, उड्या म्हणजे त्यांना जोडणारे बाण, अशी आकृती काढायची आणि तिच्यात आवर्तनं कुठे आहेत ते पद्धतशीर शोधायचं. उद्देश होता प्रोग्रॅम अधिक वेगवान करण्याचा. पण उड्यांमधून आवर्तन ओळखता आलं, तर तेच आवर्तन वाचनीय भाषेत परत लिहिताही येतं. याच अ‍ॅलनबाईंना पुढे २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हे सगळे धागे एकत्र विणले क्रिस्टिना सिफुएन्तेस यांनी, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रविद्यापीठात. १९९४ चा त्यांचा पीएचडीचा प्रबंध उलट्या कम्पायलेशनच्या तंत्रांवर आहे. त्यांचा डीसीसी हा डीकम्पायलर डॉसवर चालणारे प्रोग्रॅम घ्यायचा आणि सी भाषेत मजकूर द्यायचा. त्यांनी कामाचे तीन भाग पाडले : एक यंत्राशी बांधलेला, एक सगळ्यांना समान असलेला विश्लेषणाचा, आणि एक ज्या भाषेत लिहायचं तिच्याशी बांधलेला. ही मांडणी आजही वापरात आहे.

आणि मग लगेच पुढच्या वर्षी जावा आली.

सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली. पहिली अधिकृत आवृत्ती जानेवारी १९९६ ची. घोषणा अशी की एकदा लिहा, कुठेही चालवा. हे साधायचं तर कम्पायलरने कुठल्याही एका यंत्राची भाषा काढून चालणार नाही. म्हणून जावाचा कम्पायलर एका कल्पित यंत्राची भाषा काढतो. तिलाच बाइटकोड म्हणायचं. प्रत्येक संगणकावर त्या कल्पित यंत्राची सोंग वठवणारा एक प्रोग्रॅम असतो, तो बाइटकोड चालवतो.

हे कल्पित यंत्र कसं चालतं? पंगतीतल्या ताटांची चळत डोळ्यांपुढे आणा. दोन संख्यांची बेरीज करायची आहे. पहिल्या खणातली संख्या चळतीवर ठेव. दुसऱ्या खणातली ठेव. वरच्या दोन उचल, त्यांची बेरीज चळतीवर ठेव. ती उचलून तिसऱ्या खणात टाक. चार आज्ञा. या चार ओळी वाचून 'तिसरा बरोबर पहिला अधिक दुसरा' हे कुणीही लिहील. तुम्ही आत्ता मनातल्या मनात डीकम्पाइलच केलंत.

पण बाइटकोड इतका वाचनीय असण्याचं खरं कारण याहून खोल आहे. जावाचा प्रत्येक वर्ग वेगळ्या फाइलमध्ये कम्पाइल होतो. त्या फाइलच्या सुरुवातीचे चार बाइट सोळाच्या पद्धतीत वाचले तर 'कॅफे बेब' असे शब्द दिसतात, ती करणाऱ्यांची गंमत. अशा फाइली एकमेकींना भेटतात त्या प्रोग्रॅम चालू असताना, आणि भेटतात नावाने. 'या नावाच्या वर्गातली, या नावाची, अशी अशी माहिती घेणारी कृती चालव' असं फाइलमध्ये लिहिलेलंच असतं. नाव पुसलं तर भेट होणार नाही. शिवाय जावाचे छोटे प्रोग्रॅम इंटरनेटवरून थेट वाचकाच्या ब्राउझरमध्ये यायचे. अनोळखी पाहुणा घरात घ्यायचा, तर आधी झडती हवी. म्हणून बाइटकोड चालवण्याआधी तपासला जातो : संख्येच्या जागी संख्याच आहे ना, उडी भलत्याच ठिकाणी तर जात नाही ना. ही झडती घेता यावी म्हणून आज्ञा आणि माहिती वेगळ्या ठेवलेल्या, प्रकार नोंदवलेले.

म्हणजे बघा, सिफुएन्तेस यांना जे शोधून काढावं लागत होतं, त्यातलं निम्मं जावाच्या फाइलमध्ये आयतं लिहिलेलं होतं. कुठेही चालावं आणि सुरक्षित चालावं, या दोन गुणांसाठी ते तिथे ठेवावंच लागलं होतं. वाचनीयता हा हलगर्जीपणा नव्हता, त्या गुणांचीच ती किंमत होती.

ही गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली ती १९९६ साली, एका डच प्रोग्रॅमरमुळे. त्यांचं नाव हानपीटर फान फ्लीट. त्यांनी 'मोका' नावाचा जावाचा डीकम्पायलर इंटरनेटवर ठेवला. बाइटकोडची फाइल द्या, जावाचा मजकूर घ्या. एकदम गदारोळ उठला. ज्यांनी जावात माल बनवून विकायला घेतला होता, त्यांना वाटलं आपलं कपाट कुणीतरी सताड उघडलं. वादामुळे फान फ्लीट यांनी मोका काही काळ मागे घेतला, मग पुन्हा उपलब्ध केला.

आणि गंमत अशी की त्यांनीच 'क्रेमा' नावाचा दुसरा प्रोग्रॅमही दिला होता. तो बाइटकोडमधली नावं बदलून निरर्थक करून टाकायचा, म्हणजे डीकम्पाइल करणाऱ्याच्या हाती वाचण्यासारखं फारसं लागू नये. कुलूप आणि किल्ली एकाच कारागिराची. काहींना हा दुटप्पीपणा वाटेल. मला तसं वाटत नाही. मोका नसता तरी बाइटकोड तितकाच उघडा होता. या माणसाने तो उघडा आहे हे दाखवलं आणि झाकायचं साधनही दिलं.

फान फ्लीट ३१ डिसेंबर १९९६ रोजी कर्करोगाने गेले. वय अवघं चौतीस. बोरलँड कंपनीच्या जेबिल्डर या जावा लिहिण्याच्या साधनात मोकावर आधारलेला डीकम्पायलर पुढे आला. ज्यावरून वर्षभरापूर्वी आरडाओरडा झाला, ते रोजच्या अवजारांच्या पेटीत जाऊन बसलं.

त्यानंतर अनेक आले. पावेल कुझनेत्सोव्ह यांचा 'जॅड' वर्षानुवर्षं सगळ्यांच्या संगणकावर होता. तो वेगवान होता, कारण तो स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला होता. पण जॅडचा स्वतःचा सोर्सकोड मात्र लेखकाने खुला केला नाही. देखभाल थांबली, जावा पुढे गेली आणि जॅड मागे राहिला. दुसऱ्यांचा हरवलेला मजकूर परत देणाऱ्या प्रोग्रॅमचा मजकूरच लोकांच्या हाती नव्हता!

जावा पुढे गेली म्हणजे काय झालं? जुने डीकम्पायलर कम्पायलरच्या सवयी ओळखून काम करायचे. 'अशा चार आज्ञा दिसल्या की मूळ ओळ अशी असणार.' पण सवयी बदलतात. 'काहीही झालं तरी शेवटी हे कर' असं सांगायची सोय जावात आहे. सुरुवातीचे कम्पायलर तो भाग एकदाच लिहून तिथे उडी मारून परत यायचे. नंतरचे कम्पायलर त्याच्या प्रती प्रत्येक वाटेवर चिकटवू लागले. डीकम्पायलरला ओळखावं लागतं की या तीन प्रती म्हणजे मुळातली एकच ओळ. २००४ च्या जावा पाचमध्ये 'शब्दांची यादी', 'संख्यांची यादी' असं प्रकारासह लिहिता येऊ लागलं, पण कृतीच्या आतल्या आज्ञांमधून कम्पायलर तो तपशील पुसून टाकतो. २०१४ च्या जावा आठमध्ये कृतीच्या पोटात लिहिलेली छोटी कृती कम्पायलर उचलून दुसरीकडे ठेवतो आणि तिला स्वतःच एक नाव देतो.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात लॉरी हेंड्रेन यांच्या गटाने या सवयींच्या भरवशावर न राहण्याचा मार्ग धरला. जेरोम मिएच्निकोव्स्की आणि हेंड्रेन यांनी २००२ साली दाखवून दिलं की ठरावीक कम्पायलरचा बाइटकोड सोडून दुसरा दिला, की नेहमीचे डीकम्पायलर अडखळतात. बाइटकोडमध्ये कुठूनही कुठे उडी मारायची मुभा आहे. जावा भाषेत ती नाही. 'गो टू' हा शब्द तिथे राखून ठेवलाय, पण वापरता येत नाही. त्यांचा 'दावा' नावाचा डीकम्पायलर सवयींऐवजी आकृतीकडे बघतो, अ‍ॅलनबाईंच्या वाटेने. आज फर्नफ्लॉवर, सीएफआर, प्रोसिऑन अशी साधनं आहेत. फर्नफ्लॉवर तर इंटेलिजे या प्रसिद्ध संपादकातच बसवलेला आहे. कित्येक प्रोग्रॅमर दुसऱ्याची लायब्ररी उघडून वाचतात, तेव्हा आपण डीकम्पायलर वापरतोय हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न : हे कायदेशीर आहे का?

युरोपने १९९१ मध्ये, म्हणजे मोकाच्या पाच वर्षं आधी, संगणक प्रोग्रॅमविषयीच्या निर्देशात एक अख्खं कलम डीकम्पायलेशनला दिलं. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती मिळवण्यापुरती परवानगी, अटींसह. अमेरिकेत १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड खटल्यात अपील न्यायालयाने असाच कौल दिला : गेमच्या यंत्राशी जुळण्यासाठी दुसरा मार्ग नसेल, तर कोड उलगडणं हा न्याय्य वापर. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने अशी सोय झाली. त्यात डीकम्पाइल हा शब्द नाही. पण प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने, जुळवणुकीसाठी आवश्यक आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवण्याकरता केलेली कृती उल्लंघन ठरत नाही, असा त्याचा आशय आहे.

वाचणं वेगळं आणि उतरवून घेणं वेगळं. ओरॅकल विरुद्ध गूगल खटल्यात २०१२ मध्ये आठ फाइलींचा मुद्दा निघाला. त्या जावाचा बाइटकोड डीकम्पाइल करून घेतल्या होत्या. त्या फक्त चाचणीसाठी होत्या, कुठल्याही फोनमध्ये गेल्या नाहीत. तरी न्यायालयाने ते उल्लंघनच धरलं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निकाल ऑक्टोबर २०२१ चा. बेल्जियमच्या सरकारी नोकरभरती खात्याने विकत घेतलेल्या प्रोग्रॅममधला बिघाड थांबवण्यासाठी तो डीकम्पाइल केला होता. युरोपीय न्यायालयाने सांगितलं की वैध खरेदीदाराला चूक दुरुस्त करण्यापुरतं, करारातल्या अटी सांभाळून, तसं करता येतं. घेतलेली वस्तू दुरुस्त करता येणं, एवढीच ती बाब आहे.

आज हे साधन कुणाच्या हातात आहे, तेही सांगतो. अँड्रॉइड फोनवरची अ‍ॅप्स जावासारख्याच बाइटकोडमध्ये असतात. एखादं अ‍ॅप तुमचे मेसेज चोरून वाचतंय अशी शंका आली, तर सुरक्षा-अभ्यासक ते डीकम्पाइल करूनच तपासतात. चोर आपला सोर्सकोड काही पाठवून देत नाही. उलट चोरही हेच साधन वापरून चांगल्या अ‍ॅपची नक्कल करू शकतो, हेही खरं. माइनक्राफ्ट या खेळाचंही उदाहरण आहे. खेळणाऱ्यांनी तो डीकम्पाइल केला, त्यातल्या पुसलेल्या नावांच्या जागी स्वतःची नावं ठरवून कोष तयार केला, आणि त्यावर नवे खेळ रचले. शेवटी २०१९ मध्ये मोजँग कंपनीने स्वतःच नावांचा तक्ता प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

आता आपल्या सातच्या आकड्याकडे येऊ.

जावाचा कम्पायलर स्थिर मूल्याला दिलेलं नाव वापराच्या जागी ठेवत नाही, थेट आकडा ठेवतो. म्हणजे मूळ लिहिणाऱ्याने त्या सातला अर्थपूर्ण नाव दिलंही असेल, आम्हाला मात्र फक्त ७ दिसत होता. शेजारी टीप असली तर ती पहिल्याच पायरीला गेली. आणखी चांगला डीकम्पायलर आणून उपयोग नव्हता. जे फाइलमध्ये नाही, ते तिच्यातून निघत नाही.

कारखान्यातून निवृत्त झालेले एक टाइमकीपर जवळच राहायचे. त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, हा सात नंबरचा विभाग कोणता हो?"

"सात? अहो, सात म्हणजे बॉयलर हाऊस." मग म्हणाले, "पाळी सुरू व्हायच्या आत वाफ तयार लागते ना? ती माणसं आधी यायची. युनियनशी करार आहे तसा. काढलात की काय?"

काढलं नव्हतं. काढलं असतं तर पुढच्या पगाराला बॉयलरवरच्या माणसांचे पैसे कापले गेले असते, आणि प्रोग्रॅमने कुठलीही चूक दाखवली नसती.

हॉल्स्टेडपासून आजच्या साधनांपर्यंत साठ वर्षांत यंत्राने काय करावं, हे परत मिळवण्यात आपण पुष्कळ पुढे आलो. का करावं, हे मात्र कम्पायलरपर्यंतच पोचत नाही, मग ते परत कुठून येणार? म्हणून इथे जे प्रोग्रॅम लिहितात त्यांना एवढंच सांगेन की सोर्सकोड जपा, तो दोन ठिकाणी ठेवा, आणि विचित्र दिसणाऱ्या ओळीशेजारी एक ओळीची टीप लिहा. आम्ही त्या सातशेजारी लिहिली. आणि जे प्रोग्रॅम विकत घेतात त्यांनी करार करताना विचारावं, ही कंपनी उद्या नसली तर मजकूर कुणाकडे असेल?

काकांसारखी माणसं प्रत्येक वेळी जवळच राहत असतील असं नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.